वीज गेली तरी हिशेब जाता कामा नये



कारखाना म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गव्हाण, मिल, बॉयलर आणि धुरांडे उभे राहते. बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, मोळी पडते, त्याचे फोटो या पत्रिकेत आपण दरवर्षी पाहतो. परंतु कार्यालयाच्या एका कोपऱ्यात, काचेच्या दाराआड, गार हवेच्या खोलीत एक लोखंडी कपाट उभे असते. त्याचा फोटो काढायला कोणी जात नाही. आपल्या उसाची नोंद, लागवडीची तारीख, तोडणीची पाळी, काट्यावरचे वजन, तोडणी-वाहतुकीचा हिशेब, सोसायटीच्या कर्जाची कपात आणि शेवटी बँकेत जमा होणारे ऊसबिल हे सगळे आज त्या कपाटात असते. वीज गेली म्हणजे ते कपाट कसे थांबते, या प्रश्नाकडे सभासदांनी आणि संचालक मंडळाने आता लक्ष घालावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

काही सभासद म्हणतील, "अहो, ते कॉम्प्युटरवाले बघून घेतील. आमचा काय संबंध?" संबंध आहे, आणि तो थेट आपल्या खिशाशी आहे. तो कसा, हे पाहण्याआधी त्या कपाटात असते काय, ते समजून घेऊ.

पूर्वी काट्याला एक, शेती खात्याला एक, हिशेब खात्याला एक असे वेगवेगळे संगणक असत. आता एकच दणकट यंत्र घेतात आणि त्याच्या पोटात पाच-सहा संगणक चालवतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. आपण आभासी संगणक म्हणू. एका वाड्यात पाच बिऱ्हाडे राहावीत तसा हा प्रकार. प्रत्येकाची चूल वेगळी, दाराची कडी वेगळी, एकाचे भांडण दुसऱ्याच्या घरात जात नाही. मात्र आढे आणि छप्पर एकच. ही युक्ती काही कालची नव्हे. आयबीएम कंपनीने १९७२ साली आपल्या मोठ्या संगणकांसाठी ती विक्रीला आणली होती. साध्या, स्वस्त यंत्रांवर ती गेल्या वीस-पंचवीस वर्षांत रुळली. तिच्यामुळे जागा वाचते, वीज वाचते, देखभाल सोपी होते. याबद्दल आमची तक्रार मुळीच नाही. परंतु पूर्वी एक संगणक अचानक बंद पडला तर एक खाते अडायचे. आता छप्पर खाली आले तर पाचही बिऱ्हाडे एकदम उघड्यावर येतात.

आता वीज अचानक गेली तर नेमके काय होते ते पाहू. आपला चिटबॉय फडावर हिंडताना काय करतो? चिठ्ठ्या खिशात ठेवतो आणि संध्याकाळी रजिस्टरला चढवतो. प्रत्येक चिठ्ठीमागे गट कार्यालयात पळत जायचे म्हटले तर काम उरकणार नाही. संगणकाचेही तसेच आहे. आलेली नोंद तो काही क्षण खिशात ठेवतो आणि गठ्ठ्याने डिस्कवर उतरवतो. आभासी संगणकाच्या बाबतीत खिसे एकाहून जास्त असतात. एक त्याचा स्वतःचा, दुसरा त्याला पोटात घेणाऱ्या मोठ्या यंत्राचा, तिसरा डिस्क सांभाळणाऱ्या कार्डाचा. आतल्याला वाटते, नोंद रजिस्टरला चढली. प्रत्यक्षात चिठ्ठी अजून बाहेरच्याच्या खिशात असते. अशा वेळी वीज गेली तर त्या चिठ्ठ्या गेल्या, आणि कुठल्या गेल्या हेही चटकन कळत नाही.

जाणकार यावर सांगतात की चांगले डेटाबेस आधी रोजकीर्द लिहितात, मग खतावणी करतात. मध्येच वीज गेली तरी रोजकीर्दीवरून ते पुन्हा जुळवून घेतात. ही गोष्ट खरी आहे. पण रोजकीर्दीचे पानच कुणाच्या खिशात राहिले असेल तर जुळवायचे कशावरून? शिवाय अशी जुळवाजुळव चालू असताना काटा थांबतो तो थांबतोच.

सभासदाचे नुकसान कुठे होते, हे काट्यावर उभे राहिले की कळते. गाडी दोनदा काट्यावर चढते. आधी भरलेली, मग गव्हाणीत ऊस टाकून रिकामी. दोन वजनांची वजाबाकी म्हणजे आपला ऊस. भरलेले वजन नोंदले गेले, गाडी यार्डात रांगेला लागली आणि तेवढ्यात वीज जाऊन संगणक धाडकन बंद पडला, तर त्या गाडीची नोंद अर्धी राहते. हंगाम भरात असताना अशा किती गाड्या यार्डात असतात, हे ज्याने रात्र यार्डात काढली आहे त्याला सांगायला नको. मग ड्रायव्हर एक सांगतो, कारकुनाच्या टिपणात दुसरे असते, मुकादम तिसरेच बोलतो. इकडे काटा बंद म्हणून मागच्या गाड्या अडतात. तोडलेला ऊस जसजसा वाळतो तसतसे त्याचे वजन घटते. ती घट कोणीही भरून देत नाही. उताराही उतरतो, तो सगळ्यांचाच.

पुढची गोष्ट बिलाची. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे देण्याचा दंडक घातला आणि उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के व्याजाची तरतूद केली. हिशेब जुळवण्यात चार-आठ दिवस गेले तर हा दंडक पाळायचा कसा? आणि व्याज द्यायची वेळ आली तर ते कुणाच्या पैशातून जाणार? कारखाना आपलाच, म्हणजे आपल्याच.

याहून मोठे नुकसान विश्वासाचे. सहकारात सभासदाने मान्य केलेला न्यायाधीश एकच, तो म्हणजे काटा. हातातली पावती आणि कार्यालयातली नोंद यांत एकदा फरक पडला की चावडीवर चर्चा सुरू होते. मग ती नोंद विजेमुळे चुकली की कुणी चुकवली, हे कोणी ऐकून घेत नाही.

"पण बॅटरी आहे की!" असे उत्तर लगेच मिळते. आहे. यूपीएस म्हणतात ती बॅटरीची पेटी आज सगळीकडे असते. परंतु ती कशासाठी आहे, याविषयी मोठा गैरसमज आहे. पुष्कळांना वाटते, वीज नसताना काम चालू ठेवण्यासाठी. तसे पाहिले तर ती पेटी थोडी मिनिटे देते, आणि ती मिनिटे दोनच कामांना पुरतात. जनरेटर सुरू होईपर्यंत तग धरणे हे पहिले काम. जनरेटर नाहीच सुरू झाला, तर सगळे नीट आवरून बंद करणे हे दुसरे. पहिल्या कामाचा विचार सगळे करतात. दुसऱ्याचा विचार झाला नाही तर बॅटरी शेवटच्या थेंबापर्यंत चालते आणि मग संगणक तसाच धाडकन बंद पडतो. बॅटरीने संकट फक्त वीस मिनिटे पुढे ढकलले, एवढेच.

आवरून बंद करणे ही गोष्ट आपल्याला नवी आहे काय? हंगामाची सांगता होते तेव्हा आपण काय करतो ते आठवा. आधी गव्हाणीत ऊस टाकणे थांबते. मिलमधला ऊस संपवतात. टाक्यांतला रस पुढे काढतात, पॅनमधला पाक उतरवतात, आणि सगळ्यात शेवटी बॉयलर शांत करतात. कारण सगळ्यांना वाफ लागते. कुणी आधी बॉयलर विझवला तर पॅनमधला पाक तिथेच घट्ट होऊन बसेल. आभासी संगणकांनाही असाच क्रम लागतो. ज्याच्यावर दुसरे कोणी अवलंबून नाही तो आधी बंद, ज्याच्यावर सगळे अवलंबून आहेत तो शेवटी.

समजा बॅटरी २० मिनिटे टिकते. पहिली ३ मिनिटे नुसती वाट पाहावी. पुष्कळदा वीज तेवढ्यात येते किंवा जनरेटर भार घेतो. तसे झाले नाही तर हजेरी, पत्रव्यवहार, चाचणी असले बिनगरजेचे संगणक १ मिनिटात बंद व्हावेत. त्यानंतर काट्यावर सूचना जावी: नवीन गाडी घेऊ नका, काट्यावर उभी आहे तेवढी पुरी करा. त्याला २ मिनिटे. मग शेती खाते आणि ऊसबिल यांचे कार्यक्रम २ मिनिटांत बंद. मग सगळ्या नोंदी जिथे आहेत तो डेटाबेस, त्याला ३ मिनिटे. शेवटी २ मिनिटांत मोठे यंत्र स्वतः. एकूण १३ मिनिटे झाली. उरलेली ७ मिनिटे शिल्लक ठेवायची, कारण बॅटरी म्हातारी होते. बॅटरी संपत आल्याची घंटा वाजेपर्यंत थांबणे हा शहाणपणा नव्हे. जुन्या बॅटरीची घंटा आणि तिचा शेवट यांत कधी कधी अंतरच उरत नाही. म्हणून सुरुवात घड्याळावर करावी.

हे काम माणसावर सोडू नये, असे आमचे म्हणणे आहे. रात्री अडीच वाजता वीज गेली तर संगणक विभागाचा माणूस घरी झोपलेला असतो. त्याला फोन लागेपर्यंत आणि तो मोटरसायकलवर येईपर्यंत २० मिनिटे संपलेली असतात. ही सोय आपोआप चालते आणि तिला फार खर्चही नाही. यूपीएसच्या पेटीला एक तार असते, ती यंत्राला सांगते की वीज गेली, एवढी बॅटरी उरली. तो निरोप घेऊन क्रमाने सगळ्यांना बंद करणारे कार्यक्रम मिळतात. नेटवर्क यूपीएस टूल्स नावाचा तर विनामूल्य आहे. त्यात एक संगणक कारभारी नेमतात. तो बाकीच्यांना निरोप देतो, ते आवरेपर्यंत थांबतो आणि सर्वांत शेवटी स्वतः दिवा मालवतो.

मात्र तीन बारीक गोष्टी राहून जातात. पहिली, निरोप ज्या वाटेने जातो ती वाट चालू पाहिजे. संगणकांना जोडणारी नेटवर्कची पेटी बॅटरीवर नसेल तर वीज जाताच ती मेली, आणि कारभाऱ्याची हाक कुणाला ऐकू जाणार नाही. दुसरी, प्रत्येक आभासी संगणकात एक छोटा मदतनीस कार्यक्रम बसवावा. तो नसेल तर "आवरा" ही सूचना आतल्याला कळेलच अशी खात्री नसते, आणि ठरलेली वेळ संपली की बाहेरचे यंत्र त्याला तसेच तोडते. तिसरी, बंद करण्याऐवजी झोपवणे ही एक सोय असते. संगणक आहे त्या स्थितीत डिस्कवर उतरवून ठेवतात. सोय चांगली, पण हिशेब करून वापरावी. ६४ जीबी स्मृती सेकंदाला २०० एमबी वेगाने डिस्कवर उतरवायची तर साडेपाच मिनिटे लागतात. आहेत का तेवढी आपल्याजवळ, हे आधी पाहावे.

आता वीज परत येते तेव्हाची गोष्ट. इथे शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. वीज आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी ऑटोवर एकदम उचलतात आणि डीपीचा फ्यूज उडतो, हे आपण कैक वेळा भोगले आहे. संगणकाच्या खोलीतही तेच होते. सगळे एकदम उठू नयेत. आधी मोठे यंत्र, मग डेटाबेस, मग शेती आणि बिल, मग काटा, असे बंद करण्याच्या उलट क्रमाने, मध्ये अंतर ठेवून सुरू करावे. शिवाय बॅटरी थोडी भरल्याशिवाय सुरूच करू नये. वीज आली, संगणक उठले आणि दहा मिनिटांत वीज पुन्हा गेली, तर रिकाम्या बॅटरीवर आवरायला वेळ कुठला? आणि आवरण्याचे काम अर्ध्यावर असताना वीज आली तर ते पुरे करूनच नव्याने सुरुवात करावी.

विजेच्या परतण्याने मोठमोठ्यांचे काय होते, याचे उदाहरण जगाने पाहिले आहे. २७ मे २०१७ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळच्या ब्रिटिश एअरवेजच्या संगणक केंद्रात वीज तोडली गेली आणि नंतर क्रम न पाळता पुन्हा जोडली गेली. त्या धक्क्याने यंत्रांची हानी झाली, असे कंपनीच्या मालक-समूहाच्या प्रमुखांनी पुढे सांगितले. सुमारे ७५,००० प्रवासी अडकले. त्या कंपनीकडे पैसा नव्हता की बॅटऱ्या नव्हत्या? क्रम चुकला, एवढेच.

काही सभासद विचारतील की ज्या कारखान्याची स्वतःची सहवीज आहे त्याला ही काळजी कशाला? सहवीज हंगामात असते. बंद काळात आपण महावितरणच्या विजेवरच असतो. आणि आडसाली लागवडीच्या नोंदी तर जुलैपासून बंद काळातच येतात. हंगामातसुद्धा टर्बाईन ट्रिप झाले की सगळा अंधार. मोठ्या जाळ्याचेही तसेच. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर आणि पूर्व भारताची ग्रिड कोसळली. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईसारख्या शहराची वीज गेली आणि लोकल गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. वीज जाणार नाही असे वचन कोणी देऊ शकत नाही.

"मग मोठी बॅटरी घेऊन टाका," असा सोपा ठराव आणू नये, अशी आमची विनंती आहे. सीलबंद शिसे-आम्ल बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षे टिकते. खोलीचे तापमान २५ अंशांच्या वर गेले तर दर १० अंशांमागे तिचे आयुष्य जवळपास निम्मे होते. तिच्यावरचा भार दुप्पट केला तर वेळ निम्म्याहूनही कमी मिळतो. आणि उन्हाळ्यात कुणी भला माणूस त्याच सॉकेटला कूलर लावतो, तेव्हा मोठ्या बॅटरीचीही छोटी होते. पैसे जरूर खर्च करावेत, पण आधी क्रम ठरवावा, मग त्याला लागणारी मिनिटे मोजावीत, आणि तेवढ्या मिनिटांची बॅटरी घ्यावी.

म्हणून येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत सभासदांनी पुढील प्रश्न विचारावेत, असे आम्ही सुचवतो.

१. वीज गेल्यावर कोणता संगणक कितव्या मिनिटाला बंद होतो, याचा कागद तयार आहे काय? तो खोलीच्या भिंतीवर लावला आहे काय?

२. हे काम माणूस नसताना आपोआप होते काय?

३. संगणक बंद असताना काट्यावर काय करायचे? काट्याचे वजन दाखवणारे यंत्र वेगळ्या छोट्या यूपीएसवर आहे काय? अनुक्रमांक छापलेले, कार्बन लावायचे हातपावती पुस्तक प्रत्येक काट्यावर ठेवले आहे काय?

४. बॅटऱ्या कोणत्या वर्षी बसवल्या? त्या बदलण्याची तरतूद अंदाजपत्रकात आहे काय?

५. याची तालीम शेवटची केव्हा झाली?

पाचवा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बंद काळात आपण मिलचे रोलर उघडतो, बॉयलरच्या नळ्या तपासतो, पाण्याचा दाब देऊन चाचणी घेतो. बॉयलर पेटल्यावर बघू, असे कोणी म्हणत नाही. तशीच अग्निप्रदीपनाच्या आधी एक दिवस ठरवावा. आदल्या दिवशी सगळ्या नोंदींची नक्कल काढून वेगळ्या जागी ठेवावी. दिवसाउजेडी, सर्व खातेप्रमुखांसमोर त्या खोलीचा मेन स्विच खाली ओढावा आणि हातात घड्याळ धरून पाहावे. काय कधी बंद झाले, काय अडले, काय परत उठले नाही, ते रजिस्टरला लिहावे. पहिल्या तालमीत काहीतरी अडेलच. ते सप्टेंबरात अडलेले बरे. जानेवारीत यार्ड भरलेले असताना अडले तर बैल गेला आणि झोपा केला, अशी गत व्हायची. तालमीचा निकाल, चांगला असो की वाईट, या पत्रिकेत छापावा. छापायला आम्ही जागा देऊ.

१९५० साली प्रवरानगरला शेतकऱ्यांचा स्वतःचा साखर कारखाना उभा राहिला तेव्हा सभासदाला सर्वांत मोठे अप्रूप कशाचे असेल, तर काटाही आपला आणि हिशेबही आपला, याचे. त्या हिशेबाची वही आता विजेवर चालते. वही कुणाच्याही सोयीने, कुठल्याही पानावर फाटू नये, एवढी व्यवस्था करणे आपल्या हाती आहे. खर्च थोडा आहे, अवघड काही नाही. फक्त कुणीतरी विचारले पाहिजे. सभासदांनी विचारावे आणि संचालक मंडळाने हंगामापूर्वी उत्तर द्यावे, ही विनंती.

— संपादक मंडळ